चिठ्ठ्या मांडून बैठक: केजे पद्धत गटात कशी वापरायची

आमच्या इकडं गटाची बैठक म्हणलं की कोण बोलणार ते आधीच ठरलेलं असतंय. अध्यक्षा बोलतात, सचिव बोलतात, एखादा शिकलेला भाऊ दारात उभा राहून दोन गोष्टी सांगतो आणि बाकीच्या दहाबारा जणी मांडीवरचं लेकरू थोपटत "हाव, बरोबर हाय" म्हणतात. बैठक सुटली, चपला घातल्या, वाटंला लागल्या की मग खरं बोलणं सुरू होतं. मी बीड जिल्ह्यात केज-धारूरच्या बाजूला बचत गटांसोबत काम करते आणि ते वाटंवरचं बोलणं बैठकीत आणायचं कसं हे मला बरीच वर्षं जमत नव्हतं. केजे पद्धत शिकले तेव्हापासून जमायला लागलंय, म्हणून ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून काढते, म्हणजे कुणालाही आपल्या गटात, शेतकरी कंपनीत, नाहीतर शाळा व्यवस्थापन समितीत करून बघता येईल.

आधी थोडं, ही आली कुठून

जिरो कावाकिता नावाचे जपानी मानववंशशास्त्रज्ञ होते. जपानात आडनाव आधी लावतात, कावाकिता जिरो, त्याची आद्याक्षरं के आणि जे. १९५० च्या दशकापासून ते नेपाळच्या डोंगरात जाऊन गावांचा अभ्यास करायचे. लोक कसे राहतात, काय पिकवतात, काय मानतात याच्या ढीगभर नोंदी जमायच्या आणि आधी ठरवलेल्या कप्प्यांत त्या बसायच्याच नाहीत. मग त्यांनी उलटं केलं. कप्पे आधी करायचेच नाहीत, एकेक नोंद वेगळ्या कार्डावर लिहायची, सगळी कार्डं पसरायची आणि कुठलं कार्ड कुणाजवळ जातंय ते बघत बघत गठ्ठे होऊ द्यायचे. १९६० च्या दशकात ही रीत त्यांनी नीट मांडली, जपानच्या कंपन्यांनी ती उचलली, आणि आता मॅनेजमेंटच्या कोर्सला अ‍ॅफिनिटी डायग्राम म्हणून जे शिकवतात ते यातूनच निघालेलं आहे.

मला मात्र त्यांचं नेपाळमधलं काम जास्त जवळचं वाटतं. तिथल्या दुर्गम गावातल्या लोकांना सोबत घेऊन त्यांचे प्रश्न त्यांच्याच तोंडून काढले, त्यातून पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन झाली, दऱ्या ओलांडून ओझं न्यायला रोपवे झाले, आणि त्यासाठी १९८४ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, बाबा आमटेंना मिळाला त्याच्या आदल्या वर्षी. डोंगरातल्या गावांनी वापरलेली गोष्ट आहे ही, आमच्या बालाघाटाच्या डोंगरावर ती परकी कशी वाटेल.

कुणी म्हणेल, नुसतं ब्रेनस्टॉर्मिंग केलं तर काय बिघडतं, सगळे बसा आणि सुचेल ते बोला. ब्रेनस्टॉर्मिंग हा शब्द गाजवला अलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्यानं, आणि टीका करू नका, जास्तीत जास्त कल्पना येऊ द्या हे त्याचे नियम चांगलेच आहेत. पण १९५८ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासून बघितलं, चार माणसं एकत्र बसून बोलली आणि चार माणसांनी वेगवेगळं बसून लिहिलं, तर वेगवेगळं लिहिणाऱ्यांच्या कल्पना एकत्र करून मोजल्यावर त्याच जास्त निघाल्या. पुढं १९८७ साली जर्मनीतल्या डील आणि श्ट्रोबे या दोघांनी कारण शोधलं. एक जण बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबता थांबता सुचलेलं निसटून जातं, हे त्यातलं मोठं कारण. आपल्याकडं तर त्यात सासू समोर बसलेली असती, चुलत दीर बसलेला असतो. म्हणून आधी लिहायचं आणि मग बोलायचं, ह्या क्रमाला मी फार जपते.

सामान आणि बसायची सोय

ट्रेनिंगला गेलं की भिंतीवर रंगीत चिकटचिठ्ठ्या लावायला शिकवतात. मी एकदा समाज मंदिरात लावल्या, चुन्याच्या भिंतीवर पाच मिनिटं राहिल्या आणि पंखा लावल्याबरोबर सगळ्या खाली. तेव्हापासून सगळं जमिनीवर. मोठी सतरंजी नाहीतर ताडपत्री, तिच्या भोवती सगळ्या गोल बसतात, म्हाताऱ्या बायांना उभं राहायला लागत नाही आणि पोस्टरसमोर गर्दी करून उभं राहिल्यावर मागच्यांना जे दिसत नाही तो प्रश्नच येत नाही.

चिठ्ठ्यांसाठी जुन्या लग्नपत्रिका सगळ्यात भारी. जाड कागद, मागून कोऱ्या, घरोघरी पडलेल्या असतात, कापून तळहाताएवढ्या करायच्या. नाहीतर साध्या ए-फोर कागदाचे आठ तुकडे. स्केचपेन जाड टोकाचे घ्या, बॉलपेननं लिहिलेलं सतरंजीच्या पलीकडून वाचता येत नाही. वाऱ्यानं उडू नये म्हणून वाटीभर खडे, रांगोळीचा डबा आणि दोन मुठी चिंचोके. रांगोळी आणि चिंचोक्यांचं काम पुढं येतं.

माणसं आठ ते पंधरा. पंधराच्या वर गेली तर दोन सतरंज्या टाका. वेळ अडीच ते तीन तास धरा आणि तो आधीच सांगून ठेवा, कारण चार वाजता शेरडं सोडायची असतात, पाणी सुटायचं असतंय, आणि मध्येच तिघी उठल्या की गठ्ठ्यांचा जीव जातो.

प्रश्न कसा ठेवायचा

इथं मी स्वतः चुकलेली आहे. एका गावात गटाची छोटी डाळ मिल होती. योजनेतून घेतली, पूजा झाली, फोटो निघाले आणि वर्षभरात ती बारदान्याखाली झाकून पडली. मी तीन बैठका घेतल्या, तिन्हीचा विषय एकच, डाळीचं मार्केटिंग कसं वाढवायचं. तिन्ही वेळा पॅकिंग, लेबल, प्रदर्शनात स्टॉल हेच निघालं. निघणारच होतं, प्रश्नातच उत्तर मी घालून ठेवलं होतं. चौथ्यांदा केजे पद्धतीनं बसलो तेव्हा प्रश्न साधा केला: आपली डाळ मिल बंद का असती?

प्रश्न असा पाहिजे की घरातल्या माणसाला विचारावा तसा वाटला पाहिजे. त्यात 'सक्षमीकरण', 'अडचणींचे निराकरण' असले शब्द आले की बाया कागदाकडं बघत बसतात. आणि प्रश्न एकच. खडूनं फळीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा, वाचता न येणाऱ्यांसाठी दोनदा म्हणून दाखवायचा.

चिठ्ठ्या लिहिणं

प्रत्येकीला पाच चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. 'लाईट नसती आणि चावी पण मिळत नाही' असं आलं तर त्याच्या दोन चिठ्ठ्या करा, नाहीतर पुढं ती कुठं ठेवायची यावरून भांडण. आणि लिहायचं ते बघितलेलं, अनुभवलेलं. 'नियोजनाचा अभाव' ही चिठ्ठी कामाची नाही, ती कुणीही कुठंही लिहू शकतं. 'मी तूर घेऊन गेले तर मिलला कुलूप, दोनदा परत आले' ही चिठ्ठी सोन्यासारखी आहे.

लिहिता न येणाऱ्या बायांचं काय? प्रत्येक बैठकीत हा प्रश्न येतो आणि याच्यावरच पद्धत टिकती किंवा बसती. मी नववी-दहावीतल्या दोन मुली लिहायला बसवते. बाई कोपऱ्यात जाऊन मुलीच्या कानात सांगती, मुलगी लिहिती. मुलगी त्या बाईच्या घरातली नसावी, आणि बाई बोलली तेच शब्द लिहायचे. मुलींना शाळेची सवय असती, त्या 'लाईट येईना' याचं 'विद्युत पुरवठा खंडित होतो' करून टाकतात, आणि मग चिठ्ठी वाचून दाखवली तर जिनं सांगितली तिलाच ती आपली वाटत नाही.

या वेळात बोलणं बंद. वीस मिनिटं. नाव लिहायचं नाही. लिहून झालं की चिठ्ठी उलटी करून परातीत टाकायची. त्या दिवशी पन्नासच्या वर चिठ्ठ्या जमल्या होत्या.

पसरणं आणि गठ्ठे

परातीतल्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसायच्या, म्हणजे कुणाची कुठली ते कळत नाही. एकेक उचलून मोठ्यानं वाचायची, घाई न करता, आणि सतरंजीवर मांडायची. कुणी "हे खोटं हाय" म्हणलं तर तिथंच थांबवायचं, चिठ्ठीवर आत्ता चर्चा नाही. फक्त समजलं नाही तर अर्थ विचारायचा.

आता इथून पुढं जे होतं ते या पद्धतीचं काळीज आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. सगळ्यांना सतरंजीजवळ सरकायला सांगायचं आणि तोंडानं काही न बोलता, ज्या दोन चिठ्ठ्या एकमेकींजवळ बसाव्या वाटतात त्या हातानं जवळ आणायच्या. आधी जोड्या, मग तीन-चारचे छोटे गठ्ठे. सुरुवातीलाच वीस चिठ्ठ्यांचा ढीग करायचा मोह होतो, तो करू नका, मोठ्या ढिगात सगळं बुडून जातं. कुणीही कुणाचीही चिठ्ठी हलवू शकतं, परत पहिलीनं हलवली तरी चालतं. एखादी चिठ्ठी दोन गठ्ठ्यांत येरझाऱ्या घालायला लागली तर तिची दुसरी कॉपी लिहून दोन्हीकडं ठेवा.

गप्प बसणं बायांना अवघड जातं असं म्हणतात, मला उलट अनुभव आहे. मी एका सुनेला सासूनं ठेवलेली चिठ्ठी उचलून दुसरीकडं ठेवताना बघितलंय. सासूनं वर बघितलं, सुनेनं खाली, आणि सासूनं ती तिथंच राहू दिली. बोलायचं असतं तर ती चिठ्ठी हललीच नसती.

एक काम मात्र बैठक घेणाऱ्यानं डोळ्यात तेल घालून करायचं: आधीचे कप्पे येऊ द्यायचे नाहीत. शिकलेली माणसं लगेच म्हणतात, हे पैशाचं इकडं, हे विजेचं तिकडं, हे मार्केटिंगचं. तसं केलं की तुम्ही जे आधीच जाणत होता तेच परत मिळतं. चिठ्ठीवर कुठला शब्द आहे याच्यापेक्षा ती काय सांगायलीय ते बघायला सांगा.

आणि जी चिठ्ठी कुठंच बसत नाही तिला जबरदस्तीनं बसवू नका. तिला एकटी राहू द्या, पण सतरंजीवरच, बाजूला काढून टाकायची नाही. आमच्या त्या बैठकीत अशी एक चिठ्ठी कोपऱ्यात राहिली होती. पत्रिकेचा तुकडा, मागच्या बाजूला अर्धा गणपती, आणि वाकड्या अक्षरात एवढंच: 'तूर निघती तवा आम्ही फडावर असतो.' दोघींनी ती उचलून बघितली आणि परत तिथंच ठेवली.

गठ्ठ्यांना नाव देणं

गठ्ठे थांबले, हात थांबले की चहा द्यायचा, आणि मग तोंडं मोकळी. एकेक गठ्ठा उचलायचा, त्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या परत वाचायच्या आणि विचारायचं: या सगळ्या मिळून काय म्हणायल्यात?

नाव एका शब्दाचं नको, पूर्ण वाक्य पाहिजे. आमच्याकडं एका गठ्ठ्यात तीन चिठ्ठ्या होत्या. दुकानदार म्हणतो लेबल कुठाय. पाहुण्यांना डाळ दिली तर परत मागतात. बाजारात मोकळी डाळ मांडली तर लोक दुसरीकडून आणलेली समजतात. पहिलं नाव आलं 'मार्केटिंग'. मी म्हणलं, मावशी, हे घरी जाऊन सासऱ्याला सांगायचं असलं तर कसं सांगाल? मग आलं: 'डाळ चांगली हाय पर ती आपली हाय हे कुणाला कळंना.' असं नाव मिळालं की गठ्ठ्यावर दुसऱ्या रंगाच्या पेननं लिहून ठेवायचं आणि खालच्या चिठ्ठ्या रबर लावून एकत्र करायच्या.

नावं झाली की नावांच्याच जोड्या लावायच्या, म्हणजे गठ्ठ्यांचे मोठे गठ्ठे. सतरंजीवर सात-आठच्या आत तुकडे राहिले की थांबा. एकट्या चिठ्ठ्या याच्यात धरायच्या, त्यांनाही एका गठ्ठ्याएवढा मान.

रांगोळीनं नातं जोडणं

आता सतरंजीवरचे तुकडे उचलून मोकळ्या फरशीवर नाहीतर सारवलेल्या अंगणात लांब लांब मांडायचे. ज्यांचं एकमेकांशी काही आहे ते जवळ, ज्यांचं नाही ते लांब. मग रांगोळीनं रेघा ओढायच्या. याच्यामुळं ते होतं, तर बाण. दोन्ही एकमेकांना वाढवतात, तर दोन्हीकडून बाण. दोघांचं जुळत नाही, तर मध्ये फुली. एवढ्या तीन खुणा पुरतात. रांगोळी यासाठी की चुकलं तर हातानं पुसून परत काढता येती, आणि बायांचा हात तिच्यावर बसलेला असतो, मार्कर धरायला लाजणारी बाई रांगोळीची चिमूट बिनधास्त घेती.

आमच्या अंगणात काय झालं ते सांगते. 'मिल चालवायला माणूस नसतं' हा एक गठ्ठा, 'तूर निघाली की व्यापाऱ्याकडंच जाती' हा दुसरा, 'चावी एकीकडंच राहती आणि ती पण गावात नसती' हा तिसरा, 'वाळवण राखायला कुणी नाही' हा चौथा. बाण कुठून काढायचा यावर बोलणं अडलं, प्रत्येकाचं कारण दुसरा असं सगळं गोल फिरायला लागलं. तेव्हा एका आजीनं कोपऱ्यातली ती गणपतीची चिठ्ठी उचलली, चारही गठ्ठ्यांच्या मधोमध ठेवली आणि चारी बाजूंना चार रेघा ओढल्या. काही बोलली नाही. कुणीच काही बोललं नाही थोडा वेळ.

ज्यांना इकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या टोळ्या दिवाळीच्या पुढंमागं उचल घेऊन ऊसतोडीला, म्हणजे उसाच्या फडावर जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि परत येतात मार्च-एप्रिलला. तूर निघती डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे गटातल्या निम्म्या बाया नेमक्या त्याच महिन्यांत गावात नसतात. सगळ्यांना हे माहीत होतं. इतकं माहीत होतं की कुणी ते अडचण म्हणून कधी मोजलंच नव्हतं, आणि मी तर तीन बैठका लेबलावर घालवल्या होत्या.

सांगून बघणं, मग चिंचोके

रांगोळीचं चित्र झालं की एकीला उभं करून ते सलग सांगायला लावायचं, इथून सुरू झालं, म्हणून हे झालं, म्हणून ते. सांगताना जिथं ती अडखळती तिथं एखादा बाण चुकलेला असतो किंवा चिठ्ठी कमी असती. तिथंच दुरुस्त करा. मग दुसरीला सांगायला लावा. ही पायरी लोक गाळतात, गाळू नका, लिहून ठेवायला इतिवृत्त पण इथंच तयार मिळतं.

त्यानंतर विचारायचं, यातलं आपल्या हातात काय आहे? उपायांच्या नवीन चिठ्ठ्या, प्रत्येकी दोन, आणि त्या ज्या गठ्ठ्याला लागतात त्याच्याशेजारी ठेवायच्या. प्रत्येकीला तीन चिंचोके द्यायचे, पटेल तिथं टाकायचे, तिन्ही एकीकडं टाकले तरी चालतील. सगळ्यांनी एकाच वेळी टाका, नाहीतर अध्यक्षा टाकतात तिथं बाकीचे पडतात.

आमच्याकडं सगळ्यात जास्त चिंचोके पडले या उपायावर: ज्या गावात राहतात त्यांनी गटाच्या पैशातून फेब्रुवारीत तूर घेऊन ठेवायची, आणि टोळ्या परत आल्यावर एप्रिल-मेच्या उन्हात तेल-पाणी लावून, वाळवून भरडायची. ऊन पण तेव्हाच कडक असतंय. दुसऱ्या नंबरवर, चावी दोघींकडं, त्यातली एक फडावर न जाणारी. लगेच अडचण निघाली की दोन-अडीच महिने तूर ठेवली तर भुंगा लागंल, मग त्याच आजीनं कडुलिंबाचा पाला आणि कडक वाळवून पोती बंद करायची रीत सांगितली. पहिल्या उन्हाळ्यात डाळ थोडीच झाली. पण मिलवरचं बारदान निघालं.

काही बारीक गोष्टी

सरपंच, बँकेचे साहेब, कुणी अधिकारी येणार असतील तर शेवटच्या अर्ध्या तासात बोलवा, रांगोळीचं चित्र दाखवायला. सुरुवातीपासून बसले तर चिठ्ठ्या त्यांच्याकडं बघून लिहिल्या जातात, त्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी.

बैठक घेणाऱ्यानं स्वतः चिठ्ठी लिहायची नाही आणि गठ्ठे हलवायचे नाहीत. मला पहिल्या दोन-तीन वेळा हे फार जड गेलं, हात शिवशिवतात, मग मी खडे वाटायचं आणि घड्याळ बघायचं काम घेते.

ज्या गावात दोन गटांचं भांडण चालू आहे तिथं ही पद्धत पहिल्याच बैठकीला वापरू नका. चिठ्ठीवर नाव नसलं तरी गावात अक्षर ओळखतात. पुढं वापरली तरी तिथं सगळ्याच चिठ्ठ्या त्या दोन मुलींनी लिहायच्या, सगळ्यांच्या, शिकलेल्यांच्या पण.

उठायच्या आधी चित्राचा फोटो वरून काढा, स्टुलावर उभं राहून, म्हणजे सगळ्या चिठ्ठ्या वाचता येतील असा. मग चिठ्ठ्या गठ्ठ्यानुसार रबर लावून पिशवीत. कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत ते गटाच्या रजिस्टरला त्याच दिवशी लिहा. एकट्या राहिलेल्या चिठ्ठ्यांचं वेगळं पाकीट करा आणि पुढच्या बैठकीला सगळ्यात आधी ते उघडा. आमच्या त्या पाकिटात अजून दोन आहेत. एक पोरांच्या शाळेची आहे, आई-बापासोबत फडावर जाणाऱ्या पोरांची, तिच्यावर आम्ही टोळ्या जायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला बसणार आहोत.